ऑथेल्लो कोणाचा?

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी वर्षानिमित्त नाट्यविभागाने योजिलेल्या सभेत दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



आपल्या नाट्यविभागाने महोत्सवी नाटकाची तयारी आरंभिली असून येत्या पंधरवड्यात भूमिकांसाठी वाचन ठेवलेले आहे. अशा वाचनाच्या वेळी एक वाक्य हमखास कानांवर पडते: “छान वाचतो हो, पण तो त्यात शोभणार नाही.” शोभणे म्हणजे काय, कोणाच्या डोळ्यांना शोभणे, आणि ते ठरविण्याचा अधिकार कोणाचा, ह्याचा विचार आपण क्वचितच करतो. ह्या प्रश्नाचे सर्वांत टोकाचे रूप म्हणजे एका वंशाच्या माणसासाठी लिहिलेली भूमिका दुसऱ्या वंशाच्या नटाने मागणे. त्या मागणीचा इतिहास मोठा उद्‌बोधक आहे. आणि त्यातले एक महत्त्वाचे पान आपण राहतो त्या कोलकाता शहरातच लिहिले गेले आहे. म्हणून आजच्या व्याख्यानासाठी मी हा विषय निवडला.

आरंभ ऑथेल्लोपासून करू. व्हेनिसच्या सैन्याचा हा सेनापती मूर आहे, काळा आहे, आणि नाटकातील पात्रे त्याच्या वर्णाचा उल्लेख पावलोपावली करतात. परंतु शेक्सपिअरने ही भूमिका लिहिली ती रिचर्ड बर्बेज ह्या आपल्या कंपनीतील गोऱ्या नटासाठी. १ नोव्हेंबर १६०४ रोजी लंडनच्या व्हाइटहॉल राजवाड्यात ह्या नाटकाचा प्रयोग झाल्याची नोंद आहे. त्या काळच्या रीतीप्रमाणे डेस्डेमोनाची भूमिकाही एका मुलानेच केली असणार. म्हणजे ज्या नाटकाला आपण काळा पुरुष आणि गोरी स्त्री ह्यांची शोकांतिका म्हणतो, त्याच्या पहिल्या प्रयोगांत रंगमंचावर ना काळा पुरुष होता, ना स्त्री. बालगंधर्वांच्या भामिनीवर आणि रुक्मिणीवर लुब्ध झालेल्या मराठी रसिकाला ह्याचे आश्चर्य वाटण्याचे कारण नाही. नट आणि भूमिका ह्यांच्यामधले अंतर हाच तर नाट्यकलेचा प्राण आहे.

मग प्रश्न सुटला का? नाही, तो येथेच सुरू होतो. अंतर ओलांडण्याची मुभा कोणाला होती आणि कोणाला नव्हती, हा तो प्रश्न.

आता आपल्या शहराकडे वळू. पार्क स्ट्रीटवर आज सेंट झेवियर्स महाविद्यालय ज्या जागेवर उभे आहे, तेथे १८४१ पासून ‘सां सूसी’ नावाचे इंग्रजी नाट्यगृह होते. एस्थर लीच ह्या गुणी अभिनेत्रीने ते उभारले. नोव्हेंबर १८४३ मध्ये, म्हणजे ज्या महिन्यात सांगलीला विष्णुदास भावे ह्यांच्या ‘सीतास्वयंवरा’ने मराठी रंगभूमीचा पाया घातला त्याच महिन्यात, प्रयोग चालू असता दिव्याने पेट घेऊन ती भाजली आणि त्यातच तिचा अंत झाला. पुढे पाच वर्षांनी, १७ ऑगस्ट १८४८ रोजी, ह्याच रंगमंचावर ऑथेल्लोच्या वेषात उभा राहिला बैष्णवचरण आढ्य नावाचा एक बंगाली गृहस्थ. त्याच्यासमोर डेस्डेमोना होती मिसेस अँडरसन, एस्थर लीचचीच कन्या. नाटकातील बाकीची पात्रे युरोपीय, आणि समोरचा प्रेक्षकवर्गही बव्हंशी युरोपीय.

हा प्रयोग सुखासुखी झाला नाही. आधी तो १० ऑगस्टला व्हायचा होता. दुय्यम भूमिकांसाठी लष्करातील काही मंडळी ठरली होती. त्यांना वरिष्ठांनी ऐनवेळी मनाई केली आणि प्रयोग पुढे ढकलावा लागला. वृत्तपत्रांतून त्या आधी आणि नंतर जे लिहून आले त्यात कुतूहल होते, कौतुक होते, आणि आज उच्चारवणार नाही अशी हेटाळणीही होती. प्रशंसा झाली तीदेखील अशी, की देशी माणसाच्या मानाने ह्याचे इंग्रजी उच्चार फारच चांगले आहेत! ‘मानाने’ ह्या एका शब्दात केवढे अंतर राखले जाते पाहा. आपल्यापैकी ज्यांनी परक्या भाषेच्या सभेत कधी भाषण केले असेल, त्यांना हा शब्द निराळा समजावून सांगावा लागणार नाही.

परंतु ह्या प्रसंगातील खरी मेख निराळीच आहे. बैष्णवचरण आढ्य हे मूर नव्हते. त्यांचा आणि उत्तर आफ्रिकेचा संबंध एखाद्या लंडनच्या नटाचा असेल तितकाच. इंग्रज प्रेक्षकाच्या लेखी मात्र काळा तो काळा; बंगालचा काय आणि बर्बरस्थानचा काय! त्यांना ऑथेल्लोची भूमिका ‘शोभली’ ती त्या भ्रमामुळे. तेव्हा विचारायला हवा तो प्रश्न हा: हाच गृहस्थ हॅम्लेटची भूमिका मागावयास गेला असता तर? व्यवस्थापकाने त्याला वाचून तरी पाहू दिले असते काय? दार उघडले होते हे खरे, पण ते एकाच खोलीचे दार होते.

त्या एका खोलीबाहेर पडण्यासाठी ज्याने आयुष्य वेचले, त्या नटाचे नाव आयरा आल्ड्रिज. १८०७ साली न्यूयॉर्कमध्ये एका स्वतंत्र कृष्णवर्णीय कुटुंबात त्याचा जन्म झाला. आपल्या देशात आपल्याला रंगभूमी नाही हे ओळखून विशीच्या आतच त्याने इंग्लंड गाठले. १८२५ मध्ये लंडनच्या ‘रॉयल कोबर्ग’ नाट्यगृहात तो नायकाच्या भूमिकेत उभा राहिला. पुढे १८३३ च्या मार्च महिन्यात एडमंड कीन हा त्या काळचा सर्वश्रेष्ठ नट ऑथेल्लो करीत असता रंगमंचावरच कोसळला आणि त्यातून उठलाच नाही. त्या रिकाम्या जागी १० एप्रिल रोजी कॉव्हेंट गार्डनसारख्या मान्यवर रंगमंदिरात आल्ड्रिजला उभे करण्यात आले. त्याच वर्षी ब्रिटिश संसदेपुढे गुलामगिरी रद्द करण्याचे विधेयक येत होते. काही वृत्तपत्रांनी त्याच्यावर आग पाखडली. एलेन ट्रीसारख्या प्रतिष्ठित अभिनेत्रीला ह्या माणसाने स्पर्श करावा हेच एका नियतकालिकाला असह्य झाले. दोन प्रयोग झाले, आणि कॉव्हेंट गार्डनचे दार बंद झाले. गुलामगिरी बंद करणारा कायदा त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये संमत झाला, पण लंडनच्या रंगमंदिरांची मने त्यामुळे बदलली नाहीत.

आल्ड्रिज मात्र थांबला नाही. इंग्लंड-आयर्लंडच्या गावोगावी हिंडून त्याने शायलॉक केला, मॅक्बेथ केला, तिसरा रिचर्ड केला, आणि पुढे लिअरही केला. त्यासाठी चेहऱ्याला गोरा रंग लावला, पांढरे केस चढविले. गोऱ्यांनी दोन शतके काळा रंग लावून ऑथेल्लो केला होता. ह्याने उलट केले, एवढेच! १८५२ पासून तो युरोपभर फिरला. जर्मन कंपनीत जर्मन बोलणाऱ्या नटांमध्ये तो एकटा इंग्रजी बोलत असे, आणि प्रेक्षकांना त्याची अडचण होत नसे. प्रशियाने आणि रशियाने त्याचा गौरव केला. १८६७ च्या ऑगस्टमध्ये पोलंडमधील लोज शहरी, दौऱ्यावर असतानाच, तो मरण पावला. तेथेच त्याची समाधी आहे. योगायोग असा की त्याच वर्षी महादेव गोविंदशास्त्री कोल्हटकर ह्यांनी ऑथेल्लो मराठीत आणला. पुढे देवलांच्या ‘झुंजाररावा’ने तो आपल्या घरोघरी नेला.

येथे कोणी म्हणेल, “नट तो नट. गोऱ्याने काळ्याची भूमिका करावी, काळ्याने गोऱ्याची करावी. त्यात तक्रार कसली?” तत्त्व म्हणून हे मला मान्य आहे. पण तत्त्व आणि व्यवहार ह्यांची गाठ घालून पाहावी लागते. ज्या रॉयल कोबर्गमध्ये १८२५ साली आल्ड्रिज उभा राहिला, तीच वास्तू पुढे ‘ओल्ड व्हिक’ ह्या नावाने जगप्रसिद्ध झाली. तेथेच १९६४ मध्ये लॉरेन्स ऑलिव्हिएने अंगभर काळा रंग फासून ऑथेल्लो केला. त्या भूमिकेसाठी त्याने आपला आवाज खाली आणण्याची महिनोन्महिने मेहनत घेतली होती. त्याच्या परिश्रमांविषयी शंका नाही. परंतु त्या एकशेएकोणचाळीस वर्षांत किती कृष्णवर्णीय नटांना त्याच वास्तूत हॅम्लेटसाठी किंवा लिअरसाठी वाचून दाखवावयास बोलाविले गेले? रंग लावणे हा दोष नव्हे. रंग लावण्याचा हक्क एकाच बाजूला राहणे, हा दोष आहे.

पॉल रोब्सनने १९३० मध्ये लंडनच्या सॅव्हॉय नाट्यगृहात ऑथेल्लो केला. डेस्डेमोना होती पेगी ॲशक्रॉफ्ट. मात्र त्याच्या स्वतःच्या अमेरिकेत, न्यूयॉर्कच्या ब्रॉडवेवर, ही भूमिका करावयास त्याला १९४३ साल उजाडावे लागले. मग त्या नाटकाचे लागोपाठ २९६ प्रयोग झाले; ब्रॉडवेवर शेक्सपिअरच्या कोणत्याही नाटकाला एवढे प्रयोग लाभले नव्हते. जो प्रेक्षक हे सहन करणार नाही अशी भीती घातली जात होती, तोच प्रेक्षक तिकिटांसाठी रांगा लावीत होता. दक्षिण आफ्रिकेत १९८७ साली जोहान्सबर्गच्या मार्केट थिएटरमध्ये जॅनेट सुझमनच्या दिग्दर्शनाखाली जॉन कानीने ऑथेल्लो केला. काळ्या-गोऱ्यांच्या विवाहाला बंदी घालणारा कायदा त्या देशात १९८५ पर्यंत जारी होता. वर्णद्वेषी राज्य तर अजून टिकूनच होते. अशा वेळी काळ्या सेनापतीने आपल्या गोऱ्या पत्नीला सर्वांसमक्ष जवळ घेणे हा नुसता अभिनय राहिला नाही. काही प्रेक्षक उठून गेले; पुष्कळ बसून राहिले, आणि ते बसून राहणे हेही एक मत होते.

हा वाद केवळ ऑथेल्लोपुरता नाही. १९८९ मध्ये लंडनला ‘मिस सायगॉन’ हे संगीतक आले. त्यातील ‘इंजिनिअर’ हे पात्र अर्धे व्हिएतनामी, आणि ती भूमिका करीत होता जोनाथन प्राइस हा वेल्श नट. डोळ्यांचा आकार बदलून आणि कांतीला रंग लावून. पुढच्या वर्षी नाटक न्यूयॉर्कला जायचे ठरले, तेव्हा अमेरिकेतील नटांच्या संघटनेने ऑगस्ट १९९० मध्ये त्याला परवानगी नाकारली. निर्मात्याने नाटकच रद्द केल्याचे जाहीर केले, तशी काही दिवसांतच संघटनेने आपला निर्णय फिरविला. आशियाई नटांचे म्हणणे साधे होते: आम्हांला गोऱ्यांच्या भूमिकांसाठी कोणी बोलावीत नाही, निदान आमच्या भूमिकांसाठी तरी आमचे वाचन घ्या! त्याच नाटकातील नायिका मात्र मनिलामध्ये घेतलेल्या चाचणीतून मिळाली होती. तिचे नाव लिआ सलोंगा. ह्याच सलोंगाने १९९३ मध्ये ब्रॉडवेवरच ‘ले मिझेराब्ल’मध्ये एपोनीन ह्या फ्रेंच मुलीची भूमिका केली, ती करणारी ती पहिलीच आशियाई अभिनेत्री. प्रेक्षकांनी तिला फ्रेंच मानले की फिलिपिनो, हा प्रश्नच उरला नाही. एक झुरणारी मुलगी गात होती आणि लोक ऐकत होते.

दुसऱ्या बाजूचे एक वजनदार मतही सांगितले पाहिजे. ऑगस्ट विल्सन हे थोर कृष्णवर्णीय नाटककार. त्यांनी १९९६ मध्ये एका भाषणात वर्णनिरपेक्ष पात्रयोजनेला कडाडून विरोध केला. गोऱ्यांसाठी लिहिलेली नाटके आम्हांला करू देणे म्हणजे न्याय नव्हे. आमच्या जीवनावरची आमची नाटके, आमची नाट्यगृहे उभी राहू द्या, असा त्यांच्या म्हणण्याचा गाभा होता. हे मत मला पूर्णतः पटत नसले तरी त्यातला इशारा मोलाचा वाटतो. दुसऱ्याच्या घरात जागा मिळाली म्हणून आपले घर बांधणे कोणी सोडू नये. परप्रांतात पन्नास वर्षे मराठी रंगमंच तेवत ठेवणाऱ्या आपल्या मंडळाला हे वेगळे सांगायला नको.

आता आपली स्वतःची परीक्षा. १९८५ च्या जुलैमध्ये फ्रान्समधील आव्हिन्योंजवळच्या एका दगडाच्या खाणीत पीटर ब्रूकने ‘महाभारत’ सादर केले. तेथे नऊ तास चाललेल्या त्या नाटकात आपले भीष्म होते पश्चिम आफ्रिकेचे सोटिगी कुयाते, भीम सेनेगलचा, द्रोणाचार्य जपानचे, धृतराष्ट्र पोलंडचा. आणि द्रौपदी तेवढी आपली मल्लिका साराभाई. ही नावे ऐकून अनेकांच्या कपाळाला आठ्या पडल्या. आपल्याच कोलकात्याचे समीक्षक रुस्तम भरुचा ह्यांनी ह्या प्रयोगावर कठोर टीका केली. ती नटांच्या वर्णावर नव्हती. महाकाव्य त्याच्या भूमीतून, त्याच्या संदर्भातून उपटून नेले जाते ह्यावर होती. ती टीका विचारात घेण्याजोगी आहे. परंतु “काळा भीष्म कसा चालेल?” हा आक्षेप मात्र आपल्याला शोभत नाही. कुयाते हे ग्रिओंच्या, म्हणजे वंशपरंपरेने कुळांच्या कथा गाऊन सांगणाऱ्यांच्या घराण्यातले. ज्याच्या पिढ्यान्‌पिढ्या पूर्वजांचे पोवाडे सांगण्यात गेल्या, त्याने कुलवृद्ध पितामह उभा करावा ह्यात विजोड ते काय? आणि ज्याला आपण कृष्ण म्हणतो, ज्याला सावळा म्हणून आळवतो, त्याला आपल्याच नाटकांत आणि कॅलेंडरांवर गोरा किंवा निळा कोणी केला, हेही एकदा मनाशी विचारावे.

मंडळी, हा विषय मी दूरदेशीचे नवल म्हणून मांडला नाही. हिंदी चित्रपटात मराठी बोलणारे माणूस आले की ते मोलकरीण नाहीतर हवालदार, ह्याचा आपल्याला किती काळ राग येत आला आहे! आणि ह्या शहरात? येथील अंगाईगीतांत अजून बर्गी येतात, म्हणजे अठराव्या शतकात बंगालवर चालून आलेले आपले मराठा स्वार. उद्या शेजारच्या बंगाली मंडळींनी नाटक बसविले आणि आपल्या नातवाला तेवढी बर्गीची भूमिका देऊ केली, तर? तो इथे जन्मला, रवींद्रनाथ त्याला तोंडपाठ. पण आडनाव कुलकर्णी, म्हणून त्याने ‘डाकघरा’तल्या अमलसाठी वाचू नये? बैष्णवचरणांना जी एक खोली मिळाली, तीच ही खोली.

आणि हाच न्याय आपल्या दारीही लागू आहे. आपल्या महोत्सवी नाटकाच्या वाचनाला अशी मुले येतील, की ज्यांच्या मराठीला बंगालीचा गोल उच्चार चिकटलेला आहे. एखादा शेजारचा अमराठी मुलगाही येईल, जो आपल्या गणेशोत्सवात लहानाचा मोठा झाला आहे आणि ज्याला शिवाजी करायचा आहे. त्याला काय सांगावयाचे? माझी नम्र सूचना अशी. सर्वांना एकच उतारा द्यावा आणि तो आठ दिवस आधी द्यावा, म्हणजे ज्याच्या घरी मराठी बोलली जात नाही त्यालाही तयारीस अवसर मिळेल. पहिले वाचन परीक्षकांनी पाठ फिरवून, केवळ कानांनी ऐकावे. दुसऱ्या वेळी चालणे-बोलणे पाहावे. उच्चार हा शिकविण्याचा विषय समजावा. नाकारण्याचा समजू नये, कारण तालमीला अडीच महिने आहेत. आणि ज्याला भूमिका मिळाली नाही, त्याला कारण सांगावे. ते कारण आवाजाचे असो, पाठांतराचे असो, समजेचे असो. पण त्याच्या कातडीचे, आडनावाचे वा मातृभाषेचे असता कामा नये. ज्याचे वाचन सरस ठरेल, त्याने खुशाल शिवाजी करावा.

एवढे केले म्हणजे भूमिका कोणाला मिळावी ह्याचे उत्तर ते वाचनच देईल. भूमिका ही कोणाची वडिलार्जित इस्टेट नव्हे. जो तिच्यासाठी खपतो त्याची ती, प्रयोगापुरती. मात्र खपण्याची संधी सर्वांना सारखी असेल, तरच हे वाक्य उच्चारण्याचा आपल्याला अधिकार पोहोचतो.

मंडळाची पहिली पन्नास वर्षे आपण मराठीपण जपण्यात घालविली, आणि ते योग्यच झाले. पुढली पन्नास वर्षे हा रंगमंच टिकावयाचा असेल, तर त्यावर कोण उभा राहू शकतो ह्याची व्याख्या थोडी रुंद करावी लागेल. येत्या वाचनाला नाव नोंदविण्याची वही उद्यापासून कार्यालयात ठेवली जाईल. तिच्यात नाव, वय आणि भूमिका असे तीनच रकाने असावेत, एवढीच चिटणिसांना विनंती.